बोगोटातले अकरा आठवडे: दत्तकाच्या निकालाची वाट पाहताना श्रद्धा कुठे तारते आणि कुठे ओझं होते

मेच्या अखेरीस एक अमेरिकन दांपत्य कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, उतरलं. नऊ वर्षांची बहीण आणि सहा वर्षांचा भाऊ या दोघांना दत्तक घ्यायचं आणि पाच आठवड्यांत चौघांनी मिळून घरी परतायचं, असा बेत होता. प्रत्यक्षात अकरा आठवडे लागले. या काळात दत्तकाला कुणाचाही विरोध नव्हता. मुलं पहिल्या आठवड्यापासून त्यांच्याजवळच राहत होती, मानसशास्त्रज्ञांचा अहवाल अनुकूल होता. तरीही सहाव्या आठवड्यात पत्नीची झोप पार उडाली होती, पतीनं कडक उपवास धरला होता आणि मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती.

दोघंही निष्ठावान प्रोटेस्टंट ख्रिस्ती. दत्तकाचा निर्णयच त्यांनी प्रार्थनेतून घेतलेला. या अकरा आठवड्यांत श्रद्धेनं त्यांना तारलं, हे खरं. पण मधले तीन आठवडे तीच श्रद्धा ज्या तऱ्हेनं घरात वापरली गेली, त्यानं मुलांची भीती वाढवली, हेही तितकंच खरं. म्हणून या प्रकरणात कागदपत्रांइतकीच जागा आम्ही या गोष्टीला देत आहोत. श्रद्धा एखाद्या तारखेला बांधली, की तारीख चुकल्याचा फटका सर्वांत आधी मुलांना बसतो.

हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. अशा मुक्कामांत जे वारंवार घडतं ते एका कुटुंबाच्या रूपात एकत्र मांडलं आहे, कुणाची ओळख पटेल असा तपशील त्यात नाही. कायद्याचे आणि प्रक्रियेचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

थांबावं का लागतं

कोलंबियात दत्तकाचा सगळा कारभार आयसीबीएफ या सरकारी कुटुंबकल्याण संस्थेकडे असतो. ही संस्था १९६८ साली स्थापन झाली. आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा हेग करार २९ मे १९९३ चा. तो कोलंबियात १९९८ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यामुळे या दांपत्याची पात्रता, मुलांची दत्तकयोग्यता आणि दोन्ही सरकारांची संमती हे सगळं ते विमानात बसण्याआधीच झालेलं होतं. परदेशी कुटुंबांकडे तिथून मुख्यतः मोठी मुलं, भावंडांचे गट किंवा वैद्यकीय गरजा असलेली मुलं येतात. ही दोघं दुसऱ्या प्रकारातली. काही वर्षं ती बोगोटातल्याच एका पालनकुटुंबात, म्हणजे मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबात, राहत होती.

मग थांबायचं कशासाठी? कारण दत्तक देण्याचा अंतिम अधिकार कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशांचा आहे आणि ती कारवाई आईवडील व मुलं एकत्र आल्यावरच सुरू होते. २००६ च्या १०९८ क्रमांकाच्या बालसंहितेनं क्रम ठरवून दिला आहे. आधी भेट. मग काही दिवस एकत्र राहून 'एकीकरण', म्हणजे मुलं आणि नवे पालक एकमेकांशी कसे जुळतात याचं निरीक्षण. त्याचा अनुकूल अहवाल हातात आला की वकील न्यायालयात अर्ज दाखल करतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की कुटुंब-रक्षक अधिकाऱ्याला, म्हणजे मुलांच्या हक्कांची बाजू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, म्हणणं मांडायला तीन कामकाजी दिवस दिले जातात. त्यांचा आक्षेप नसेल, तर अर्ज सादर झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. निकाल अंतिम झाल्याशिवाय मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही. विमानतळावरचा अधिकारी निकालाची प्रत आणि ती अंतिम झाल्याचा शेरा मागतो.

'दहा कामकाजी दिवस' हे शब्द वाचून पुष्कळ कुटुंबं दोन आठवडे धरून चालतात. फसगत तिथेच होते. कोलंबियात १९८३ च्या कायद्यानुसार बऱ्याच धार्मिक सुट्ट्या पुढच्या सोमवारवर ढकलल्या जातात. ख्रिस्तदेहाचा सण, पवित्र हृदयाचा सण, संत पीटर आणि संत पॉल यांचा दिवस हे तीन सोमवार बहुतेक वर्षी जूनच्या आसपास, महिनाभराच्या आत येतात. त्यानंतर २० जुलै आणि ७ ऑगस्ट. या दांपत्याचा मुक्काम नेमका या पट्ट्यात पडला. याहून कठीण काळ एकच: २० डिसेंबर ते १० जानेवारी कुटुंब न्यायालयं सामुदायिक रजेवर असतात, आणि पवित्र आठवड्यातही बंद असतात. नोव्हेंबरच्या शेवटी प्रवासाची तारीख मिळत असेल, तर नाताळ घरी साजरा होईल असं कुणीही मनाशी धरू नये.

पहिले दोन आठवडे

बोगोटा समुद्रसपाटीपासून २,६४० मीटर उंचीवर आहे. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखणं, धाप लागणं, झोप मोडणं हे नेहमीचं. हे दांपत्य भेटीच्या चार दिवस आधी पोहोचलं, ते शहाणपणाचं ठरलं. थकलेल्या, डोकं धरून बसलेल्या अवस्थेत मुलांसमोर जाणं टळलं.

भेट आयसीबीएफच्या कार्यालयात झाली. पालनकुटुंबातली आई मुलांना घेऊन आली होती. मुलगा लगेच नव्या वडिलांच्या मांडीवर जाऊन बसला, पण मुलगी दाराजवळच उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलानं पहिल्याच मिनिटाला गळ्यात पडणं हे जिव्हाळ्याचं लक्षण मानू नये. ज्याला अनेक हातांतून जावं लागलं आहे ते मूल कुणाच्याही मांडीवर बसतं. दाराजवळ उभी राहिलेली मुलगी त्या क्षणी अधिक सावध आणि अधिक निरोगी वागत होती. दांपत्याला हे आधी सांगितलं होतं, त्यामुळे तिच्या मागे कुणी लागलं नाही.

एकीकरणाचे आठ कामकाजी दिवस चांगले गेले. अनुकूल अहवाल मिळाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दाखल झाला.

अर्ज परत का आला

सहा कामकाजी दिवसांनी न्यायालयाचा आदेश आला: अर्जात त्रुटी आहे, पाच कामकाजी दिवसांत दुरुस्त करा. पत्नीच्या जन्मदाखल्यावर आणि विवाहाच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव होतं, तर पासपोर्ट आणि वकीलपत्रावर लग्नानंतरचं. अमेरिकेत यात काहीच वावगं नाही. पण कोलंबियात बाईचं नागरी नोंदणीतलं आडनाव लग्नानं बदलत नाही, त्यामुळे तिथल्या न्यायालयाला कागदावर दोन वेगळ्या बायका दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं दाखवणारा मूळ देशातला दस्तऐवज त्यांनी मागितला.

असा दस्तऐवज होता: विवाह-परवान्याच्या मूळ अर्जात लग्नानंतर घ्यायचं नाव नोंदलेलं होतं. पण त्याची प्रमाणित प्रत काऊंटीच्या कार्यालयातून मिळवायची, तिच्यावर त्या राज्याच्या सचिवालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणीकरण, घ्यायचं, ती कुरिअरनं बोगोटाला आणायची आणि कोलंबियातल्या अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये करून घ्यायची, हे पाच दिवसांत होणं शक्यच नव्हतं. त्यात एक सोमवार सुट्टीचा. अमेरिकन वकिलातीत प्रतिज्ञापत्र करून चालेल का, असा विचार झाला. पण वकिलातीनं केलेल्या दस्तऐवजांना अपोस्टीलचा करार लागूच होत नाही. त्यांना कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याकडून वेगळ्या मार्गानं प्रमाणित करून घ्यावं लागतं, आणि या न्यायालयाला हवा तो कागद त्यातून मिळत नव्हताच. मुदत संपली, अर्ज नाकारला गेला.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. त्रुटीमुळे अर्ज नाकारला जाणं म्हणजे दत्तक नाकारलं जाणं नव्हे. न्यायाधीशांनी कुटुंबाबद्दल एक अक्षरही म्हटलेलं नसतं. तोच अर्ज पूर्ण कागदांसह पुन्हा दाखल करता येतो, तो चिठ्ठी पडेल त्या न्यायालयाकडे जातो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतात. वकिलाच्या लेखी ही अडीच-तीन आठवड्यांची दिरंगाई. पण कुटुंबाच्या कानावर पहिल्यांदा 'नाकारला' एवढंच पडलं, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दातून घडलं.

प्रवासाआधी हे टाळता येतं. पती आणि पत्नी दोघांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला, आधीचा घटस्फोट असेल तर त्याचा हुकूमनामा, पासपोर्ट, पोलीस दाखला हे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि नावाचं प्रत्येक अक्षर ताडून पाहावं. मधलं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज अडतो. नाव बदलल्याचा पुरावा अपोस्टील आणि अनुवादासह सोबतच न्यावा. शिवाय पालकांच्या योग्यतेचं प्रमाणपत्र सहा महिन्यांहून जुनं चालत नाही. या दांपत्याचं प्रमाणपत्र दुसऱ्यांदा अर्ज करताना मुदतीत होतं, पण थोडक्यात. अमेरिकेच्या बाजूनं घेतलेल्या बोटांच्या ठशांची मुदत १५ महिन्यांची असते. तीही पाहून निघावं.

तारखेला बांधलेली प्रार्थना

अर्ज नाकारल्याची बातमी पतीनं त्या रात्री त्यांच्या चर्चच्या प्रार्थनागटात टाकली. सकाळपर्यंत फोन निरोपांनी भरला होता. कुणी याला सैतानाचा अडथळा म्हटलं, कुणी चोवीस तासांची प्रार्थना-साखळी लावली, कुणी खात्रीनं लिहिलं की येत्या शुक्रवारपर्यंत देव मार्ग काढेल. या माणसांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. त्यांच्याच देणग्यांतून प्रवासाचा बराच खर्च निघाला होता. पण शुक्रवार हा शब्द घरात शिरला तो तिथून.

त्या रात्रीपासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, 'देवा, शुक्रवारी निकाल येऊ दे' हे वाक्य आलं. वकिलाच्या हिशेबानं त्या शुक्रवारी निकाल येणं शक्यच नव्हतं, अर्ज अजून दुसऱ्यांदा दाखलही झालेला नव्हता. दांपत्याला हे कळत होतं. तरी, चमत्काराला देवाकडे जागा असते, असं त्यांना वाटत होतं. शुक्रवार गेला. पुढचाही गेला. तेव्हा मुलीनं दुभाषीताईंना हळूच विचारलं, 'देवाला आम्ही इथून जायला नको आहोत का?'

या प्रश्नाच्या मागे काय होतं ते समजून घ्यायला हवं. पालनकुटुंबात वाढलेल्या मुलांनी मोडलेल्या तारखा पुष्कळ पाहिलेल्या असतात. आई रविवारी भेटायला येणार, आणि आली नाही. पुढच्या महिन्यात घर बदलणार नाही, आणि बदललं. नव्या आईवडिलांनी तारीख दिली आणि ती चुकली, तर मुलाच्या जुन्या हिशेबात आणखी एक भर पडते. तीच तारीख देवाच्या नावानं दिली, तर चुकल्याचा दोष मूल देवाला देत नाही, वकिलालाही देत नाही, ते स्वतःला देतं. अंथरूण ओलं होणं त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं.

मानसशास्त्रज्ञांनी प्रार्थना बंद करा असं सांगितलं नाही, आणि ते योग्यच केलं. त्यांनी प्रार्थनेतून तारीख काढून टाकायला सांगितली. मुलांसमोरच्या प्रार्थनेत आजच्या दिवसात घडलेलं एक काहीतरी असावं, आणि माणसं असावीत: पालनकुटुंबातली आई, न्यायाधीश, कार्यालयातला कारकून, वकील. निकालासाठीचं आर्जव आईवडिलांनी मुलं उठायच्या आधी, दोघांच्या दोघांत करावं. दांपत्यानं पहाटेचा अर्धा तास त्यासाठी ठेवला. नवस बोलल्यासारखी मागणी थांबली आणि घरातला आवाज खाली आला. आठवडाभरात मुलीची झोप सुधारली.

उपवासाचं प्रकरण याहून नाजूक होतं. पतीनं दिवसाचं जेवण सोडलं होतं. त्याच्या परंपरेत ही प्रार्थनेची जुनी, सन्माननीय रीत आहे. पण सहा वर्षांच्या मुलानं लहानपणी भूक पाहिली होती. मोठं माणूस ताटावर बसत नाही याचा त्याच्या दृष्टीनं एकच अर्थ होता: घरात अन्न कमी आहे. त्यानं पाव उशीखाली, खिशात, खेळण्यांच्या पिशवीत दडवायला सुरुवात केली. कारण लक्षात यायला तीन-चार दिवस गेले. उपाय सोपा होता. पतीनं जेवण पुन्हा सुरू केलं, तिन्ही वेळा मुलांबरोबर बसून, आणि त्याऐवजी संध्याकाळी सहानंतर फोन बंद ठेवण्याचं व्रत घेतलं. ते त्याला जेवणाहून जड गेलं, पण त्यानं ते शेवटपर्यंत पाळलं. टेबलावर फळांची टोपली सतत भरलेली ठेवली, तिला हात लावायला कुणाची परवानगी लागणार नाही असं मुलांना सांगितलं. दडवणं कमी व्हायला महिना लागला, पूर्ण थांबलं नाही. ते तसंच असतं, अकरा आठवड्यांत भूक विसरली जात नाही.

मुलांची स्वतःची श्रद्धा

तिसऱ्या आठवड्यात चादर बदलताना पत्नीला मुलीच्या उशीखाली एक मळकं, कोपरे झिजलेलं चित्र सापडलं: गुलाबी झगा घातलेला, दोन्ही हात वर उचललेला बाळ येशू. बोगोटाच्या २० दे हुलिओ या वस्तीतल्या 'दिव्य बाळ' मंदिरातलं ते चित्र. ही भक्ती १९३५ पासून सालेशियन धर्मगुरू हुआन देल रिस्सो यांनी तिथे रुजवली, आणि आजही रविवारी तिथे दर्शनाला प्रचंड गर्दी लोटते. पालनकुटुंबातली आई दोन्ही मुलांना तिथे नियमित घेऊन जात असे. मुलगी रोज रात्री त्या चित्राला हात लावून जन्मदात्या आईसाठी प्रार्थना करत होती.

पत्नीला ते बोचलं. तिच्या पंथात मूर्ती आणि चित्रांसमोर प्रार्थना करत नाहीत. चित्र हळूच बॅगेत टाकून द्यावं आणि मुलीला 'खरी' प्रार्थना शिकवावी, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते समाजसेविकेला मोकळेपणानं सांगितलं. ते सांगितलं म्हणून बरं झालं. मुलांचं घर, भाषा, शाळा, शहर, आडनाव हे सगळं काही आठवड्यांत बदलणार असतं. जे थोडं त्यांच्यासोबत येऊ शकतं त्याला मोठ्यांनी हात लावू नये. त्या चित्रात धर्मपंथाचा मतभेद नंतर येतो, आधी त्यात दोन बायका आहेत: जिनं जन्म दिला ती आणि जिनं सांभाळलं ती. चित्र काढून घेतलं असतं, तर मुलीला कळला असता तो अर्थ एवढाच, की या घरात त्या दोघींना जागा नाही.

पत्नीनं चित्राला प्लॅस्टिकचं पाकीट आणून दिलं. पुढे एका रविवारी पालनकुटुंबातल्या आईच्या सोबतीनं, आयसीबीएफला कळवून, चौघं त्या मंदिरात गेले. पत्नीनं तिथे प्रार्थना केली नाही, मुलीचा हात धरून उभी राहिली. तेवढं पुरेसं होतं.

याच अनुषंगानं आणखी एक सवय सोडायला सांगितली गेली. 'देवानं तुम्हाला आमच्यासाठीच जन्माला घातलं' हे वाक्य ख्रिस्ती दत्तक-कुटुंबांत फार प्रेमानं उच्चारलं जातं. बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण नऊ वर्षांचं मूल त्यातून काढतं तो निष्कर्ष असा: आमची आई आम्हाला दुरावावी हे देवानंच ठरवलं होतं. त्याऐवजी मुलांना ऐकायला हवं ते वाक्य साधं आहे: तुमची काळजी घेणं हे आता आमचं काम आहे, आणि ते संपणार नाही.

तारखांऐवजी टप्पे

मुलांना किती सांगायचं, हा प्रश्न उरतोच. काहीच न सांगणं हा उपाय नाही, मुलं मोठ्यांच्या चेहऱ्यावरून बातमी काढतात. भिंतीवर एक लांब कागद लावला आणि त्यावर सहा चौकटी काढल्या: अहवाल, अर्ज, न्यायाधीश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. कुठल्याही चौकटीत तारीख लिहिली नाही. टप्पा झाला की मुलांनी ती रंगवायची. अर्ज परत आल्याचं कळल्यावर रंगवलेली चौकट खोडली नाही. तिच्यापुढे 'पुन्हा अर्ज' अशी नवी चौकट जोडली आणि कागदात एका नावाची चूक होती, ती तुमच्यामुळे झालेली नाही, असं दुभाषीताईंकडून नीट स्पॅनिशमध्ये सांगितलं. मोडकी भाषा प्रेमाला चालते, अशा बातमीला चालत नाही. दुभाषी फक्त कार्यालयीन भेटींपुरती ठरवण्याचा मोह होतो. आठवड्यातून दोन तास निव्वळ घरातल्या बोलण्यासाठी ठेवावेत.

दिवसाला साचा दिला. सकाळी बाग, दुपारी एक तास इंग्रजी आणि एक तास मुलांनी आईवडिलांना स्पॅनिश शिकवायचं, संध्याकाळी ठरलेल्या वेळी जेवण. बोगोटात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ मोठे रस्ते मोटारींना बंद करून सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवतात. १९७४ पासूनची ही प्रथा आता १२० किलोमीटरहून अधिक रस्त्यांवर पसरली आहे. न्यायालय बंद असलेले ते नकोसे सोमवार या कुटुंबानं भाड्याच्या सायकलींवर घालवले. मुलगा तिथेच आधाराशिवाय सायकल चालवायला शिकला.

वकिलाशी बोलणं मंगळवारी आणि शुक्रवारी, ठरलेल्या वेळी, मुलं समोर नसताना. दत्तकाची कागदपत्रं कोलंबियात २० वर्षं गोपनीय ठेवली जातात, त्यामुळे माहितीचा खरा मार्ग वकील हाच. दिवसातून सहा वेळा विचारून निकाल लवकर येत नाही, फक्त घरातलं वातावरण सहा वेळा ताणलं जातं. चर्चच्या गटासाठीही एक नियम केला: आठवड्यातून एक निरोप, त्यात तारीख नाही, मुलांची नावं नाहीत, फोटो नाहीत. निकाल अंतिम होईपर्यंत ही मुलं कोलंबियन सरकारच्या संरक्षणाखाली असतात, आणि त्यांची ओळख समाजमाध्यमांवर पसरणं प्रकरणाला थेट घातक ठरू शकतं.

चर्चमधल्या काहींनी पालनकुटुंबाला किंवा संस्थेला पैसे पाठवण्याची तयारी दाखवली. कृतज्ञता म्हणून. ती तिथेच थांबवली. मुलाच्या बदल्यात देणगी देणं-घेणं कोलंबियाच्या कायद्यानं निषिद्ध आहे, आणि प्रकरण चालू असताना दिलेला पैसा कशाही भावनेनं दिला तरी तसाच दिसतो.

पती परतल्यावर

जुलैच्या सुरुवातीला हवा तो कागद हाती आला, अर्ज दुसऱ्यांदा दाखल झाला आणि पती नोकरीवर परतला. अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानुसार पात्र नोकरदाराला दत्तकासाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, आणि दत्तकासाठी करावा लागणारा परदेशप्रवास तिच्यात धरता येतो. त्यातले सहा आठवडे संपले होते. उरलेले मुलं घरी आल्यावर लागणार होते, आणि ते राखून ठेवणं बरोबरच होतं. निकाल किमान एका पालकाला प्रत्यक्ष बजावावा लागतो, दोघं हजर असण्याची सक्ती नाही. पत्नी थांबली.

जाण्याआधी त्यानं मुलांना स्वतः सांगितलं, की तो कुठे चालला आहे, रोज किती वाजता फोन करेल आणि त्याचा कोणता स्वेटर मागे ठेवून जात आहे. गुपचूप पहाटे निघून जाणं ही अशा मुलांच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी गोष्ट.

एक कागद मात्र तो आधी करून ठेवू शकत नव्हता. निकालानंतर मुलं कायद्यानं त्या दोघांची होतात आणि कोलंबियन अल्पवयीन नागरिक एकाच पालकासोबत देश सोडत असेल, तर दुसऱ्या पालकाची प्रमाणित परवानगी लागते. तिच्यात मुलांची नवी नावं, कुठे आणि कशासाठी जाणार, जाण्या-येण्याच्या तारखा हे सगळं असतं. निकाल लागल्यावर पतीनं अमेरिकेतल्या कोलंबियन वाणिज्य दूतावासात जाऊन ती दिली. हे माहीत नसलेली कुटुंबं व्हिसा हातात असूनही विमानतळावरून परत फिरतात.

शेवटचे अडीच आठवडे

नव्या न्यायालयानं अर्ज दाखल करून घेतला, कुटुंब-रक्षक अधिकाऱ्यांनी सहमती दिली आणि जुलैच्या अखेरीस निकाल आला. बजावणीनंतर तो अंतिम होण्यासाठी तीन कामकाजी दिवस जातात. वकिलानं मुदतीचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं आणि तेवढे दिवस वाचले. मग नवा जन्मदाखला, त्यावर नवी आडनावं. मुलगी सात वर्षांवरची असल्यानं तिच्या ओळखपत्रासाठी नोंदणी कार्यालयात वेगळी फेरी. मग पासपोर्ट आणि हेग कराराच्या २३ व्या कलमाखालचं आयसीबीएफचं प्रमाणपत्र.

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्तचाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, त्यातही संशय असेल तर थुंकीचं कल्चर, आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. इथे दोघांच्याही चाचण्या साफ आल्या. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना लसीकरणाच्या अटीतून सूट मिळते, पालकांनी अमेरिकेत पोहोचल्यावर ३० दिवसांत लसी देण्याचं डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र भरायचं. ही सूट वयाशी बांधलेली आहे. मुलांचे वाढदिवस प्रक्रियेच्या दिनदर्शिकेवर आधीच टिपून ठेवावेत.

पत्नीचा स्वतःचा पर्यटक परवाना ९० दिवसांचा होता आणि निघताना त्यातले दहाच्या आसपास उरले होते. तो मुदतीत वाढवून घेता येतो, वर्षाला एकूण १८० दिवसांपर्यंत, पण मुदत संपण्याआधी. पाच आठवड्यांचा बेत असला तरी राहण्याची जागा आणि पैसा दहा आठवड्यांचा धरावा, आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढावं.

ऑगस्टच्या मध्याला तिघं निघाले. आयएच-३ व्हिसावर, म्हणजे दत्तक परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांसाठीच्या व्हिसावर, अमेरिकेत प्रवेश करताच, २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानं, दोन्ही मुलं नागरिक झाली. त्यांचं कोलंबियन नागरिकत्व कायम आहे, म्हणून पुढे कधीही बोगोटाला जाताना त्यांचे कोलंबियन पासपोर्ट चालू ठेवावे लागतील. मुलं नव्या घरी कशी आहेत हे सांगणारे दत्तक एजन्सीचे पाठपुरावा-अहवाल आयसीबीएफकडे ठरल्या वेळी जात राहतात. ते उशिरा गेले तर त्या एजन्सीमार्फत वाट पाहणाऱ्या पुढच्या कुटुंबांना त्रास होतो. पालनकुटुंबातल्या आईशी महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलणं ठरलं आहे. मुलगी त्या दिवशी तिच्याबरोबर प्रार्थना करते, आपल्या जुन्या पद्धतीनं, आणि नवी आई शेजारी बसलेली असते.